कॉम्प्युटरला वाळ्याचा गारवा

मंडळी, उन्हाळ्यात खानदेशातल्या घरात कॉम्प्युटर कुठे ठेवायचा, हे वास्तुशास्त्र ठरवत नाही आणि इंटरनेटची वायरही ठरवत नाही. ते कूलर ठरवतो. कूलरच्या झोतात पहिला मान आजोबांच्या खाटेचा, दुसरा घरातल्या लहान बाळाचा आणि तिसरा कॉम्प्युटरचा. आम्ही भावंडं चौथ्या नंबरवर. आमच्या धुळ्याच्या घरी २००८-०९ च्या सुमारास असाच एक असेंबल्ड पीसी होता. (कॅबिनेटला सगळे 'सीपीयू' म्हणायचे, मीही म्हणायचो.) एप्रिल उजाडला की त्याचा बाजूचा पत्रा निघायचा तो थेट जून संपल्यावर परत लागायचा. त्या उघड्या पोटासमोर एक टेबलफॅन आणि खिडकीत लोखंडी कूलर. आता पुण्यात ऑफिसमध्ये हे सांगितलं की लोक हसतात. "काय जुगाड आहे रे!" म्हणतात.

मला या जुगाड शब्दाचा जरा राग आहे. जुगाड म्हणजे कसंबसं भागवलेलं काहीतरी. म्हणून या वीकेंडला म्हटलं, कॉम्प्युटर थंड करण्याच्या इतिहासात आपला तो कूलर नक्की कुठे बसतो, ते एकदा नीट बघूच. आणि बघितल्यावर जे सापडलं ते बऱ्यापैकी मजेशीर आहे, आणि शेवटाकडे थोडं अस्वस्थ करणारंही.

आधी थोडं फिजिक्स. घाबरू नका, बारावीच्या पलीकडचं नाही. कॉम्प्युटर वीज खातो, आणि खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता म्हणून बाहेर टाकतो. म्हणजे २५० वॉटचा पीसी हा खोलीपुरता २५० वॉटचा हीटरच. प्रोसेसरवर बसवलेला हीटसिंक आणि पंखा ही उष्णता नाहीशी करत नाहीत, फक्त चिपवरून उचलून हवेत सोडतात. त्यामुळे नुसत्या पंख्यानं प्रोसेसर कधीही खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. समजा एखादा प्रोसेसर जोरात काम करताना आजूबाजूच्या हवेपेक्षा ३५ अंशांनी जास्त तापतो. पुण्यात जानेवारीत खोली २५ अंशांवर असेल तर तो ६० वर जाईल, बिनधास्त. खोली ४२ वर असेल तर ७७. पंखा तोच, हीटसिंक तोच, गेमही तोच.

आता यातली गंमत बघा. पेन्टियम ४ च्या जमान्यात इंटेल आपल्या डब्यातल्या प्रोसेसरबरोबर जो पंखा द्यायची, त्या पंख्यापाशी पोचणारी हवा ३८ अंशांच्या आत असावी अशी अपेक्षा होती. खोलीतली नव्हे, कॅबिनेटच्या आतली हवा. कॅबिनेटच्या आत हवा बाहेरच्यापेक्षा पाच-सात अंश तरी गरमच असते. म्हणजे खोली ३१-३२ च्या वर जायला नको. खानदेशात मे महिन्यात रात्री अकरा वाजता सुद्धा घरात ही चैन नसते. मॅन्युअल लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भुसावळ नव्हतं, एवढाच याचा अर्थ.

जे कधी तिकडे गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मध्ये तापीचं खोरं. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर उंचीवर आणि समुद्रापासून मात्र भरपूर लांब. त्यामुळे मुंबईसारखा समुद्राचा वारा नाही आणि पुण्यासारखी उंचीही नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ च्या पुढे गेला तर पेपरात बातमी येते खरी, पण कोणी दचकत नाही. आणि धुळ्याच्या नावातच धूळ आहे. ('नावाची व्युत्पत्ती तीच का?' असं विचारू नका, मे महिन्यात आमच्या गच्चीवर येऊन बघा.) काळ्या मातीची ती बारीक धूळ हीटसिंकच्या पात्यांमध्ये गादीसारखी बसते आणि हवेचा रस्ता बंद करते. म्हणून खानदेशात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचं पहिलं हत्यार स्क्रूड्रायव्हर नसून रंगकामाचा ब्रश असतो.

तर या हवेत लोकांनी काय काय केलं? पत्रा काढून टेबलफॅन, हा सगळ्यात जुना उपाय. तो चालतो, कारण कॅबिनेटच्या आत कोंडलेल्या हवेचे पाच-सात अंश त्यानं वाचतात. पण खोलीच ४२ वर असेल तर ४२ चीच हवा मारणार ना! दुसरा उपाय म्हणजे वेळ बदलणं. दुपारी कॉम्प्युटर बंद, पहाटे चालू. लोडशेडिंगच्या दिवसांत हा उपाय महावितरणच्या वेळापत्रकानुसार आपोआपच व्हायचा. तिसरा उपाय, मांडीवरचा लॅपटॉप स्टीलच्या ताटावर ठेवणं. ताट पालथं घालायचं, म्हणजे खाली हवेला जागा राहते. आणि चौथा म्हणजे कूलर. पहिले तिन्ही उपाय उष्णतेशी तडजोड करतात. चौथा मात्र हवेचं तापमान खरोखर खाली आणतो, आणि म्हणून खरा इतिहास त्याचा आहे.

कूलरचं गणित एकदा समजून घेतलं की त्याच्याबद्दल आदर वाटायला लागतो. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती उष्णता ते हवेतून घेतं, हवा गार होते. माठाचं पाणी गार होतं ते याच कारणानं. हवा जितकी कोरडी तितकी वाफ भराभर. आणि अशा रीतीनं हवा जास्तीत जास्त किती गार होऊ शकते त्यालाही एक मर्यादा आहे, तिला वेट बल्ब तापमान म्हणतात. थर्मामीटरच्या गोळ्याला ओली चिंधी गुंडाळून वारा घातला तर जो आकडा दिसतो तो. जळगावात मे महिन्यातल्या दुपारी हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर वेट बल्ब निघतो साधारण २३ अंश! बरा कूलर या मर्यादेपर्यंतचं ८० टक्के अंतर कापतो. म्हणजे ४४ ची हवा आत येताना २७-२८ ची होते. दीड-दोनशे वॉटमध्ये. एवढ्या विजेत एसी नुसता गुरगुरेल.

मुंबईत हेच करून बघा. जमणार नाही. जुलैत ३१ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब २८ च्या आसपास. सगळा खटाटोप करून तीन अंशांपेक्षाही कमी फायदा, आणि वर भिंतींना बुरशी. म्हणजे कूलर हा गरिबाचा एसी वगैरे काही नाही. तो कोरड्या प्रदेशाचा एसी आहे, आणि त्या हवेत तो एसीला विजेच्या हिशोबात सरळ सरळ हरवतो.

ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत होती. अबुल फजलनं 'ऐन-ए-अकबरी'त वाळ्याच्या मुळांपासून केलेल्या खोल्यांचं वर्णन केलं आहे. त्यांना खसखाना म्हणत. त्यावर पाणी मारलं की भर उन्हाळ्यात हिवाळा येतो, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणतो. त्याच ग्रंथात सोरा पाण्यात विरघळवून पेयं गार करण्याची रीतही आहे. आणि योगायोग बघा, त्याच अकबरानं जानेवारी १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि फारुकी सुलतानांचा खानदेश मुघल सुभा झाला. आग्र्याच्या लोकांना हा उन्हाळा काही परका वाटला नसणार.

पुढे इंग्रज आले. त्यांना आपला उन्हाळा झेपणं शक्यच नव्हतं, त्यामुळे त्यांनी दारं-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले आणि ते ओले ठेवायला माणसं ठेवली. पण वाळ्याच्या पडद्याची एक अडचण होती. वारा पडला की सगळं बंद. त्यावर १८३० च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानात एक यंत्र आलं, त्याचं नाव थर्मँटिडोट. उष्णतेवरचा उतारा! (नाव ठेवण्यात साहेबाचा हात कोण धरणार?) हे यंत्र म्हणजे मुळात काय, तर धान्य उफणायचा पंखा. तो एका पेटीत घालून खिडकीत बसवायचा, पेटीला ओल्या वाळ्याच्या जाळ्या लावायच्या आणि हातानं फिरवायचा. विजेची मोटर सोडली तर आमच्या धुळ्याच्या खिडकीतला कूलर आणि हे यंत्र यांच्यात फरक शोधून दाखवा. 

यात एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पंखा फिरवणारा एक माणूस, पखालीतून पाणी आणून पडद्यावर मारणारा दुसरा माणूस, आणि दोघंही बाहेर उन्हात. गारवा आत. थंडावा फुकट तयार होत नाही. कोणीतरी कुठेतरी पाणी वाहत असतं.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. कॉम्प्युटरनं मात्र सुरुवातीपासून थंड हवेची, बंद खोलीची सवय लावून घेतली होती. आपल्याकडचा पहिला मोठा देशी कॉम्प्युटर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला 'टिफ्रॅक'. तो १९६० मध्ये सुरू झाला. त्यात सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या, म्हणजे २७०० छोटे छोटे दिवेच. ट्रान्झिस्टर आले तशी एकेका भागाची उष्णता कमी झाली, पण भागांची संख्या त्याहून जोरात वाढली. त्यामुळे कॉम्प्युटर म्हटलं की वेगळी खोली, तिला एसी, आत धूळ नको, हा रिवाज जगभर पडला. आपल्या शाळेत कॉम्प्युटर लॅबबाहेर चपला काढायला लावायचे, आठवतं? गाभाऱ्यात शिरल्यासारखं. तो रिवाज त्या मेनफ्रेमच्या खोल्यांचा वारसा. आतला कॉम्प्युटर पेन्टियम असला तरी शिस्त मेनफ्रेमची.

आणि एसीनं भागेना तेव्हा बड्या लोकांनी काय केलं? पाणी! आयबीएमनं १९६० च्या दशकातल्या सिस्टिम ३६० च्या सर्वांत मोठ्या यंत्रांपर्यंत पाण्याचे नळ नेले. १९८० मध्ये जाहीर झालेल्या त्यांच्या ३०८१ मध्ये तर चिप्सचे गठ्ठे एका धातूच्या डब्यात बंद करून त्या डब्याच्या पाठीवरून गार पाणी फिरवत. सीमोर क्रेनं १९७६ च्या क्रे-१ मध्ये फ्रिजमधला फ्रिऑन कॉम्प्युटरच्या अंगातून खेळवला. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर त्यानं कमाल केली. वीज न वाहणाऱ्या फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात सर्किटं चक्क बुडवली. लोकांनी त्या यंत्राचं नाव 'बबल्स' पाडलं. म्हणजे ज्याला आज आपण 'अनकन्व्हेन्शनल कूलिंग' म्हणून यूट्यूबवर बघतो, ते सगळं सुपरकॉम्प्युटरवाल्यांनी कधीच करून झालं होतं.

घरगुती कॉम्प्युटरला हे दिवस यायला वेळ लागला. उलट सुरुवातीला पंखा नसणं हीच प्रतिष्ठा होती. ॲपलनं १९८० मध्ये ॲपल ३ काढला तो पंख्याशिवाय. तो तापायचा आणि चिप्स सॉकेटमधून वर सरकायच्या. त्यावर कंपनीचा सल्ला काय, तर यंत्र टेबलावरून तीन इंच उचला आणि सोडून द्या, म्हणजे चिप्स परत बसतील. आपल्या टीव्हीला थापड मारायच्या पद्धतीला हा मिळालेला आंतरराष्ट्रीय दुजोरा.

मग चिप्स तापतच गेल्या. १९९३ चा पहिला पेन्टियम साधारण १५ वॉटचा. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या प्रेसकॉट पेन्टियम ४ पैकी वेगवान मॉडेल शंभर वॉटच्या पुढे गेली, पुढे ११५ पर्यंत. बल्ब हातात धरल्यासारखंच. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलनं पुढचा 'तेजस' नावाचा प्रोसेसर रद्द केला आणि गाडी मल्टिकोअरकडे वळवली. (नाव तेजस आणि रद्द झाला तो तापल्यामुळे, यावर मी वेगळं काय बोलू?) आपल्या हातात आज आठ कोअरचा फोन आहे, त्यामागे ही उष्णतेची भिंत आहे. सिलिकॉनला पळवता येत होतं, पण गार ठेवता येत नव्हतं.

याच काळात हौशी मंडळींचे प्रयोग रंगात आले. जानेवारी २००६ मध्ये टॉम्स हार्डवेअरनं अख्खा पीसी आठ गॅलन खाद्यतेलात बुडवून चालवला. आठ गॅलन म्हणजे जवळपास तीस लिटर, आपले दोन डबे! २००७ मध्ये प्युजेट सिस्टिम्सनं माशांच्या काचेच्या टाकीत मिनरल ऑइल भरून त्यात कॉम्प्युटर सोडला. खाद्यतेल खवट होतं, मिनरल ऑइल होत नाही, एवढी सुधारणा. जगाला याचं केवढं अप्रूप! पण आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरची डीपी हेच तर करते. तिच्यातल्या तारांची वेटोळी तेलात बुडालेली असतात आणि बाहेरच्या पट्ट्या-नळ्यांमधून ते तेल हवेला उष्णता देत फिरतं. शेकडो वर्षं नाही, पण शंभराहून जास्त वर्षं ही पद्धत चालू आहे.

दुसरं टोक म्हणजे लिक्विड नायट्रोजन, उणे १९६ अंश. ओव्हरक्लॉकिंगच्या स्पर्धांमध्ये प्रोसेसरवर तो ओततात, धूर निघतो, टाळ्या पडतात. पण हा द्रव खेडेगावातल्या शेतकऱ्याला अजिबात नवा नाही. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी डॉक्टर ज्या नळकांड्यात रेतमात्रा घेऊन येतात, त्यात तोच नायट्रोजन असतो. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये 'बाएफ' सुरू केली आणि पुढे संकरित गाईंबरोबर ही नळकांडी महाराष्ट्रभर गोठ्यांपर्यंत पोचली. म्हणजे गाईचं काम ज्यानं नेमानं केलं, त्यानं कॉम्प्युटरचं काम मात्र दहा मिनिटांपुरतंच केलं. कारण नायट्रोजन उडून जातो, तेल जड पडतं, आणि घरात रोज आठ तास चालेल असं यातलं काहीच नाही.

रोज चालेल असं काय? ते शोधत शोधत डेटा सेंटरवाले कुठे पोचले, ते आता बघा.

मेनफ्रेमच्या खोलीचा तो थंडगार रिवाज डेटा सेंटर्सनी पुढे चालवला. पण हजारो सर्व्हर झाल्यावर विजेचं बिल डोळ्यांत पाणी आणायला लागलं. मग प्रश्न पडला, एवढं गार ठेवायची गरज तरी आहे का? अमेरिकेतल्या एसी इंजिनियरांची संघटना ॲशरे २००४ मध्ये सर्व्हरसाठी २० ते २५ अंश सुचवत होती. २००८ मध्ये तिनं ते १८ ते २७ केलं. वरची मर्यादा फक्त दोनच अंशांनी सरकली, पण त्या २७ वर माझी नजर खिळली. आमच्या कूलरमधून ४४ ची हवा किती होऊन यायची? २७-२८!

फेसबुकनं २०११ मध्ये अमेरिकेत ओरेगॉन राज्यात प्राइनव्हिलला स्वतःचं पहिलं डेटा सेंटर उघडलं. ती जागा उंचावरची आणि कोरडी. तिथे त्यांनी एसीची मोठी यंत्रं लावलीच नाहीत. बाहेरची हवा आत घ्यायची, गाळायची, तिच्यावर पाण्याचे बारीक तुषार मारायचे आणि सर्व्हरवर सोडायची. मंडळी, हा कूलर आहे. अब्जावधी डॉलरच्या कंपनीचा, सेन्सर लावलेला, पण कूलर. पहिल्याच उन्हाळ्यात नियंत्रण बिघडून आतली हवा इतकी दमट झाली की इमारतीत खराखुरा ढग तयार झाला आणि सर्व्हरवर पाण्याचे थेंब पडले. क्लाउडमध्ये ढग! आमच्याकडे जूनच्या पहिल्या पावसानंतर आई कूलरचं पाणी बंद करायची आणि नुसता पंखा ठेवायची, ती नेमकी याच कारणानं. तिच्याकडे सेन्सर नव्हता, पण पापड मऊ पडले की तिला कळायचं.

तेव्हा जुगाड म्हणून हसणाऱ्यांना माझं उत्तर तयार झालं होतं. कोरड्या हवेत यंत्र गार ठेवायचं तर हवा आणि पाणी हीच सगळ्यात शहाणी पद्धत आहे, आणि कॉम्प्युटरवाले एसीच्या खोलीतून फिरत फिरत तिथे पन्नास वर्षांनी पोचले. लेख इथे संपवता आला असता. पण पखालवाला आठवला. पाणी कोण आणतंय, हे बघायचं राहिलं होतं.

म्हणून हिशोब मांडला. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती साधारण ०.६७ युनिट उष्णता घेऊन जाते. २५० वॉटचा पीसी आठ तास चालला तर दोन युनिट उष्णता. म्हणजे फक्त त्याच्या वाट्याचं पाणी तीन लिटर. पिण्याच्या पाण्याचा एका माणसाचा दिवसाचा हिशोब साधारण तेवढाच निघतो. (कूलर अख्खी खोली गार करतो, त्यामुळे प्रत्यक्षात तो याच्या कितीतरी पट पाणी पितो, ते वेगळं.) ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तिथे कूलर भरायचं पाणी हा घरात वादाचा विषय का असतो, ते आता आकड्यात कळतं. भांडी घासलेलं नाही, पण तांदूळ धुतलेलं चालेल का, इथपर्यंत आमच्याकडे चर्चा झालेल्या आहेत. 

मग एसीच बरा, त्याला पाणी लागत नाही, असं वाटेल. मलाही हाच युक्तिवाद पटण्यासारखा वाटत होता, पण वीज कुठून येते तेही धरायला हवं. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. हायवेनं जाताना त्याचे ते राक्षसी कमरेत बारीक मनोरे दिसतात, ज्यांतून पांढरा धूर निघतो असं लहानपणी सगळ्यांना वाटतं. तो धूर नाही, वाफ आहे. ते मनोरे म्हणजे वीज केंद्राचे कूलर. पाणी तापीचं, हतनूर धरणाचं. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं अशा जुन्या केंद्रांना मर्यादा घालून दिली ती एका युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची. तेवढं धरलं, तर दोन युनिट उष्णता एसीनं बाहेर काढायला लागणाऱ्या सुमारे ०.६७ युनिट विजेमागे दीपनगरला सव्वादोन-अडीच लिटर पाणी उडतं. आणि पीसीनं स्वतः जी दोन युनिट खाल्ली त्यामागे सात लिटर! म्हणजे एसी पाणी पीत नाही असं नाही. तो दुसऱ्याच्या दारात जाऊन पितो. कूलरला बादली आपण ओततो, म्हणून ती दिसते, एवढाच फरक. विजेच्या हिशोबात जिंकलेला कूलर पाण्याच्या हिशोबात एसीच्या बरोबरीला येऊन बसतो.

हाच हिशोब मोठा करून बघा. एक मेगावॉटचं डेटा सेंटर, म्हणजे आजच्या मानानं अगदीच छोटं, त्याची सगळी उष्णता पाण्याच्या वाफेनं काढायची ठरवली तर दिवसाला ३५ हजार लिटरच्या वर पाणी. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी ५५ लिटरचा हिशोब धरलेला आहे. म्हणजे साडेसहाशे वस्तीच्या गावाचं रोजचं पाणी. शंभर मेगावॉटचं केंद्र असेल तर पुढचा गुणाकार तुम्हीच करा. आपल्याकडची बहुतेक डेटा सेंटर्स नवी मुंबईत आणि मुंबईत आहेत, तिथली हवा दमट, त्यामुळे हा प्रश्न तिथे वेगळ्या रूपात येतो. पण कोरडी हवा, स्वस्त जमीन, वीज केंद्र जवळ, असं सगळं बघत कोणी उद्या तापीच्या खोऱ्यात येऊन उभा राहिला, तर कागदावर जागा उत्तमच दिसेल. कागदावर वेट बल्ब असतो, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते नसतं.

मी काही डेटा सेंटरच्या विरोधात नाही, माझं पोटच त्यावर आहे. हा लेख तुम्ही वाचताय तोही कुठल्यातरी सर्व्हरवरूनच, आणि त्याच्याही वाट्याचे काही थेंब उडालेच आहेत. पण पाणी वाटून घ्यायचं कसं, हा प्रश्न खानदेशाला नवा नाही, आणि त्याचं उत्तरही तिथे सापडतं. आमच्या धुळ्यातून पांझरा वाहते. तिच्यावर आणि शेजारच्या मोसम, आरम या नद्यांवर तीनेकशे वर्षं किंवा त्याहून जास्त काळ फड पद्धत चालत आली. नदीवर छोटे बंधारे, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, कुठल्या फडाला यंदा जास्त पाणी लागणारं पीक ते गावानं ठरवायचं, आणि पाणी सोडायला गावानंच नेमलेला पाटकरी. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारं क्षेत्र कमी, पण कमी सगळ्यांचंच. कोणाचं किती पाणी हे आधी ठरायचं, मग पेरणी.

आम्ही आमच्या धंद्यात याच्या बरोबर उलट करतो. आधी पेरणी, म्हणजे आधी सर्व्हर, मग वीज, मग एसी, आणि सगळ्यात शेवटी कोणीतरी विचारतं की पाणी कुठून आणायचं. एखाद्या प्रकल्पात सीपीयू किती, रॅम किती, वीज किती याचे तक्ते मी बनवतो. त्यात पाण्याचा रकाना मी अजून एकदाही पाहिलेला नाही. सोमवारी ऑफिसमध्ये तो एक रकाना वाढवून बघणार आहे. मॅनेजर विचारेल, "हे काय भो?" (तोही जळगावचाच आहे.) त्याला हा लेख पाठवीन.

असो. तुमच्याकडे कॉम्प्युटर गार ठेवायला काय काय केलं होतं तेही सांगा. आणि खानदेशातले असाल तर कूलरचं गवत यंदा वाळ्याचंच घ्या. थोडं महाग पडतं, पण संध्याकाळी घरभर जो वास सुटतो तो कुठल्याही एसीला जमलेला नाही :-)